रिलिव्हर कुठंय?

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय पोलिसांपुढची आव्हानं, प्रशिक्षण आणि आरोग्य, म्हणजे एका शिपायाला गस्तीचे तीन बीट दिल्यासारखं झालं, तर मी आपला झोपेबद्दल बोलतो. हसू नका. मी शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन रिटायर झालो, मधली काही वर्षं ट्रेनिंग सेंटरला शिकवलं, आणि अख्ख्या नोकरीत सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द कुठला तर रिलिव्हर, म्हणजे पाळी संपल्यावर आपल्या जागी उभा राहणारा माणूस. "साहेब, रिलिव्हर आला नाही अजून."

भरतीपासून बघा. 2024 ला 17 हजारांवर जागा आणि अर्ज 17 लाखांवर, त्यात इंजिनियर झालेली पोरंसुद्धा. 1600 मीटर पळायचं, गोळा फेकायचा, लेखी द्यायची, मग मरोळ, तुरची, नानवीज, अकोला असल्या कुठल्यातरी सेंटरला 9 महिने. पहाटे पीटी, मग परेड, आणि माझा कायद्याचा तास नेमका जेवणानंतर. समोर शंभर पोरं डोळे उघडे ठेवून झोपलेली असायची, मी ओरडायचो नाही, म्हटलं ही कला पुढं आयुष्यभर लागणार आहे यांना. पण रेल्वे रुळावरचं प्रेत पहिल्यांदा गोळा करून घरी आल्यावर ताटावर बसायचं कसं, याचा तास माझ्या वेळी टाइमटेबलमध्ये नव्हता. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याशी बोलायचं कसं, याचाही नव्हता, ते सगळं जुन्या हवालदाराकडं बघून शिकायचं, आणि हवालदार जसा भेटेल तसा पोलीस घडायचा.

आता 1 जुलै 2024 पासून कायदेच नवीन आले. पंचवीस वर्षं 302 बोललेल्या माणसाला खून म्हणजे 103, आणि 420 गेलं 318 मध्ये (शिवी मात्र चारशेवीसच राहिली). झडतीचा व्हिडिओ करायचा, तो ई-साक्ष्य ॲपवर चढवायचा, 7 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर यायचं, त्याला राज्यांना 5 वर्षांची मुदत आहे. मी याच्या विरोधात अजिबात नाही, पंच फितूर होतो, व्हिडिओ होत नाही. पण हे शिकायचं कधी? नाईट करून आलेला माणूस सकाळी प्रोजेक्टरसमोर बसवला तर त्याला कलमं दिसतात का उशी दिसते? आणि कोर्सला माणूस पाठवायचा तर त्याच्या जागी दुसरा लागतो, म्हणजे आलं परत तेच, रिलिव्हर. मग ठाण्यातून कोर्सला कोण जातो, तर ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही तो, आणि जो रोज तपास करतो तो तिथंच.

आरोग्य शिबिरं होतात, नाही असं नाही. डॉक्टर सांगतात सात तास झोपा, वेळेवर जेवा, साखर तपासा, आणि आम्ही शिबिरातून परस्पर बंदोबस्ताला. अनंत चतुर्दशीला सकाळी उभा केलेला शिपाई बघा, लालबागचा राजा गिरगाव चौपाटीला पोचतो तेव्हा दुसरा दिवस उजाडलेला असतो. महिला शिपाई तर बंदोबस्त असला की पाणीच पीत नाहीत, कारण जायचं कुठं. हे मी माझ्या हाताखालच्या पोरींकडून ऐकलं तेव्हा मला लाज वाटली, इतकी वर्षं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मनाचं दुखणं तर कुणी बोलतच नाही. समुपदेशकाकडं गेला की पिस्तूल काढून घेतील, साइड पोस्टिंगला, म्हणजे बिनकामाच्या जागी टाकतील, चहाच्या टपरीवर चर्चा होईल, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. माझ्या बॅचचा एकजण असाच गप्प गप्प होत गेला, आम्ही म्हणायचो भाव खातोय.

होत नाही असं नाही हो. 2016 साली मुंबईत दत्ता पडसलगीकर कमिशनर असताना देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, आणि ती कल्पना कुठल्या कमिटीची नव्हती, एका शिपायाने पाळ्यांचं गणित कागदावर मांडून दिलं होतं. साहेबांनी ते वाचलं, हे मला जास्त मोठं वाटतं. नंतर मुंबईतल्या बाकी ठाण्यांतही नेलं. पण सण आला, सभा आली, की आठाचे बारा व्हायला वेळ लागत नाही. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्येच प्रकाश सिंग केसमध्ये सांगितलंय, तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगवेगळी करा, म्हणजे तपासवाल्याला निदान मिरवणुकीमागं पळावं लागणार नाही. आजही कित्येक ठाण्यांत तोच फौजदार दुपारी सभेला उभा आणि रात्री दोषारोपपत्र लिहायला.

तुम्ही म्हणाल बोलत का नाही तुम्ही लोक. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले होते, लष्कर बोलवावं लागलं, संघटना गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. जुन्या माणसांनी आम्हाला ते दबक्या आवाजात सांगितलेलं. त्यामुळे एसटीवाले मागतात, शिक्षक मागतात, आम्ही ओआरमध्ये, म्हणजे ऑर्डर्ली रूममध्ये, साहेबांपुढं सावधान उभं राहून एक दिवसाची किरकोळ रजा मागतो.

2027 ला नाशिकला सिंहस्थ आहे. बॅरिकेड येतील, कॅमेरे येतील, बंदोबस्ताचा नकाशा भिंतभर लागेल. मला त्यातला फक्त एक कागद बघायचाय, दुसऱ्या पाळीला कुणाची नावं आहेत तो.