नदीने लिहिलेली बखर

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रतळातून नळीने उपसलेला गाळ उभा चिरून टेबलावर ठेवला, की आधी दिसतो नुसता राखाडी चिखल. निरखून पाहिलं की पट्टे उमटू लागतात. पूर्व भूमध्य समुद्रातल्या नमुन्यांत तर मध्येच जवळजवळ काळा पट्टा येतो. अशा पट्ट्यांतला सर्वांत अलीकडचा साधारण १०,००० ते ६,००० वर्षांपूर्वीचा. तेव्हा आफ्रिकेत मोसमी पाऊस जोरदार होता, सहारात गवत होतं आणि नाईल दुथडी भरून वाहत होती. तिचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्या पाण्यावर पसरून राहिलं. खाली प्राणवायू पोचेना, तळाशी पडलेला जैविक कचरा पुरता कुजलाच नाही. म्हणून तो काळा रंग. पाऊस पडला इथिओपियाच्या डोंगरात, नोंद झाली शेकडो कोस दूर.

पण नदी बखरकाराच्या जातीची. घडलेलं सगळं लिहीत नाही, आणि लिहिते तेही वेळच्या वेळी नाही. डोंगरातून सुटलेला कण वाटेत पूरमैदानात मुक्काम ठोकतो, कधी हजारो वर्षं. मग एखाद्या पुरात काठ ढासळतो आणि हा जुना कण ताज्या गाळात जाऊन बसतो. अशा थरातल्या पालापाचोळ्याचं वय मोजलं, तर ते थराच्या वयापेक्षा बरंच जास्त निघतं.

त्याहून फसवं म्हणजे नदीचं पात्र बदलणं. नेपाळातून बिहारात उतरणारी कोसी नदीच घ्या. दोनेकशे वर्षांत ती शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली, आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळात कुसहाजवळ बांध फोडून पुन्हा पूर्वेकडच्या जुन्या वाटेला लागली. बांध जेवढ्या पाण्यासाठी होता, त्याच्या पाव हिश्शाइतकंही पाणी त्या दिवशी नव्हतं! उद्या तिथे कुणी खणलं, खाली बारीक चिखल आणि वर एकदम भरड वाळू लागली, तर ‘पाऊस वाढला’ असं लिहून तो मोकळा होईल. नदीची ही लबाडी मला त्या काळ्या पट्ट्याहूनही मजेशीर वाटते.

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाचा बंगालच्या उपसागराखाली सुमारे ३,००० किलोमीटर लांब पंखा पसरलाय. तिथेही समुद्रतळावरून गाळ वाहून नेणारे प्रवाह जागा बदलत राहतात. म्हणून २०१५ मध्ये ८ अंश उत्तर अक्षांशावर पूर्व-पश्चिम ओळीत सात ठिकाणी खणलं गेलं. बदल एकाच ठिकाणी दिसला, तर बहुधा प्रवाह शेजारी सरकला. सातही ठिकाणी एकाच काळात दिसला, तर मग पावसाकडे आणि हिमालयाकडे पाहायचं.