फेसाचा मान

नमस्कार. बोलण्याआधी हात चालवते. हे दोन तांबे. एकात कोमट पाण्यात कालवलेला ककाओ आहे, म्हणजे कोकोच्या बिया भाजून, सालं काढून, पाट्यावर वाटल्या की जो गोळा होतो तो. शिवाय चिमूटभर तिखट, आणि रंगाला शेंद्री. आता हा तांबा डोक्याच्या उंचीला नेते आणि खालच्या तांब्यात धार धरते. पहिल्या रांगेने पाय आत घ्या. घरी पहिल्यांदा केलं तेव्हा निम्मा ककाओ ओट्याखाली गेला होता.

पाच-सहा वेळा वर-खाली केलं की असा तपकिरी, बारीक बुडबुड्यांचा फेस धरतो. या पेयात मोलाचा होता तो हा फेस. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आठव्या शतकाच्या आसपासचा, माया लोकांचा, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या एका जुन्या संस्कृतीचा, एक प्याला आहे. त्यावर देव, दरबार, शिरच्छेद, सगळं रंगवलंय. आणि एका बाजूला एक बाई उभी राहून शांतपणे एका भांड्यातून दुसऱ्यात धार सोडतेय. मेक्सिकोत रवीसारखी जी लाकडी घुसळणी दिसते, मोलिनियो, ती स्पॅनिश लोक आल्यानंतरची. त्याआधी धारच.

आता ज्यासाठी तुम्ही आलात, ते ‘सेरेमोनियल ककाओ’, म्हणजे विधी म्हणून प्यायचा ककाओ. गोव्यात, पुण्यात असे सोहळे होतात. मीही एकदा गेले होते. गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, छातीवर हात, मनात संकल्प, मग घोट घोट प्यायचं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सांगणारी म्हणाली, ‘माया लोक पाच हजार वर्षं हृदय उघडायला हेच करत आलेत.’ तिथे मी अडले.

पाच हजारांचा आकडा हवेतला नाही. इक्वाडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिडा इथे सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या भांड्यांत ककाओचे अंश सापडले आहेत. पण ती माणसं माया नव्हती, आणि ती गोल करून बसत होती की रांगेत, हे मडकं काही सांगत नाही. ग्वाटेमालात रिओ आसुल इथल्या थडग्यातलं पाचव्या शतकातलं मडकं मात्र बोलतं. त्याला फिरवून बसवायचं झाकण आहे, अगदी आपल्या बरणीसारखं, आणि वर चित्रलिपीत ‘ककाव’ लिहिलंय. आपला ‘कोको’ त्याच शब्दाचा लांबचा नातू.

मग विधी कसले होते? देण्याघेण्याचे. मेक्सिकोतल्या मिश्तेक लोकांच्या एका चित्रपोथीत राजकन्या ‘तेरा सर्प’ आपल्या नवऱ्याला, ‘आठ हरीण’ला, फेसाळलेलं भांडं देते, आणि त्यातून कळायचं की लग्न लागलं. माया लोकांच्या युकातानमध्ये मुलांच्या एका संस्काराचं वर्णन दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने सोळाव्या शतकात केलंय. रानातल्या झाडांच्या नाहीतर खडकांच्या ढोलीत साचलेलं अस्पर्श पाणी आणायचं, त्यात फुलं आणि ककाओ कालवायचा, आणि ते मुलांच्या कपाळाला, चेहऱ्याला, हातापायांच्या बोटांच्या बेचक्यांत लावायचं. हे सगळं एक शब्दही न बोलता. सजगता शोधायचीच असेल तर मला ती इथे दिसते. फक्त इथे ककाओ कोणी पीत नाही!

आणि हृदयाचं म्हणाल, तर मध्य मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक ककाओला खरंच ‘हृदय, रक्त’ म्हणत. पण त्या हृदयाचा संबंध मन मोकळं करण्याशी नव्हता. हा जिन्नस महाग, मानकऱ्यांनीच प्यायचा. त्याच्या बियांवर बाजार चाले: मेक्सिकोतल्या त्लाश्काला गावच्या 1545 सालच्या दरपत्रकात टर्की कोंबडी शंभर बियांना आणि अॅव्होकाडो तीन बियांना आहे. साल कोरून आत माती भरणारे भामटेही होते. आणि दिएगो दुरान हा सोळाव्या शतकातला स्पॅनिश पाद्री अॅझ्टेकांबद्दल लिहितो ते तर अंगावर येतं. देवाचं रूप देऊन चाळीस दिवस मिरवलेल्या बळीला मरणाची वर्दी दिल्यावर तो खिन्न झाला, तर बळी देण्याच्या सुऱ्या धुतलेल्या रक्ताच्या पाण्यात ककाओ करून त्याला पाजत. त्याने सगळं विसरून पुन्हा नाचावं म्हणून. हा प्रसंग सोहळ्याच्या पत्रकात कोणी छापत नाही.

डोळे मिटून प्यायची आजची रीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, ग्वाटेमालाच्या अतितलान सरोवराकाठी मुख्यतः परदेशी पाहुण्यांमध्ये रुजलेली. नवी आहे म्हणून वाईट नाही, उगीच पणजोबा जोडू नयेत इतकंच. ‘सेरेमोनियल’ला कायद्याने ठरवलेला दर्जाही नाही. पाकिटात असते अख्ख्या बियांची, लोणी, म्हणजे बियांतली चरबी, न काढलेली लगदी. 1828मध्ये व्हान हाउटेन या डच माणसाने हे लोणी पिळून काढायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून डब्यातली पावडर निराळी झाली.

जुनं, अजून चालू असलेलं पाहायचं तर मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या बाजारात तेहाते नावाचं पेय प्या. राखेत शिजवलेला मका, ककाओ, मामे फळाच्या बिया आणि एक सुगंधी फूल वाटून त्याचा गोळा करतात. मामे म्हणजे आपल्या चिकूचाच भाऊबंद. बायका कोपरापर्यंत हात घालून तो गोळा पाण्यात मळतात, मग वरून पाणी ओततात, आणि पांढरा जाड फेस तरंगतो. विकतात बाजारातच, तिथे डोळे मिटून उभं राहिलात तर मागचा गिऱ्हाईक ढकलेल.

हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा नैराश्याची औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्या. सोहळ्यात मात्रा बरीच असते. इथे मी दोन घोटच देणार आहे. बोलता बोलता फेस बसला, थांबा, परत ओतते. कप पुढे करा. पहिला फेस त्या मागच्या आजींना.