मंडईच्या मैदानावर जुनी गाणी

भाऊबीज आटोपली की भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, तसेच गडचिरोली आणि चंद्रपूरच्या ज्या भागाला लोक झाडीपट्टी म्हणतात तिथे, मंडयांचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस सुरू होतात. आज या गावी तर उद्या शेजारच्या गावी, अशी मंडई पुढे सरकत राहते, आणि जिथे ती भरते त्या गावात घरोघरी लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येतात. सोयरिकीची बोलणीही बऱ्याचदा याच गर्दीत निघतात. दिवसा गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाची पूजेची ढाल वाजतगाजत येते, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, आणि दुपार कलली की माणसांचा लोंढा गावाबाहेरच्या मोकळ्या झालेल्या धानाच्या बांधीकडे वळतो. या भागातल्या माणसाला करमणुकीच्या बागेचे तिकीट काढून शहरात जावे लागत नाही. काही दिवसांसाठी ती बागच त्याच्या शिवारात येऊन उभी राहते.

मैदानावर आधी नजरेत भरतो तो आकाशपाळणा. त्याच्या बैठका क्रमाने भरत नाहीत. एक भरली की चालवणारा चाक अर्धे फिरवतो आणि तिच्या समोरची भरतो, कारण वजन एकीकडे झुकले तर इंजिनावर ताण येतो आणि चाक हिसके देत फिरते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी उभारलेले चाक २६४ फूट उंच होते. त्याच्यापुढे हा पाळणा अगदीच ठेंगणा, पण सपाट धानपट्टीत एवढ्या उंचीवरूनही तलावाची पाळ, पलीकडचे गाव आणि खाली मांडलेला ऑर्केस्ट्राचा मंच एका नजरेत येतो.

पाळण्याच्या पलीकडे मौत का कुआँ आहे. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल चढते तेव्हा तिला वेग कमी करून चालत नाही. वेगामुळेच चाके भिंतीवर दाबली जातात, त्या दाबामुळे घर्षण निर्माण होते, आणि ते घर्षणच गाडीला खाली घसरू देत नाही. गाड्यांचे सायलेन्सर बहुधा काढलेले असतात. प्रेक्षकांना त्या आवाजाची मौज वाटते, पण तो शेजारच्या मंचावरच्या गायकाच्या मुळावर येतो. म्हणून जाणती मंडळे मंच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा पाहून घालतात.

आता त्या मंचाकडे येऊ. पन्नास-साठच्या दशकांतली हिंदी चित्रपटगीते ध्वनिमुद्रित होत तेव्हा स्टुडिओत व्हायोलिनवादकांचा मोठा ताफा असे, आणि गायक व वादक बहुधा एकाच वेळी, एकत्र गात-वाजवत. तोच परिणाम इथे पाच-सहा वादकांना साधायचा असतो. व्हायोलिन, बासरी आणि सतार हे तिन्ही आवाज एकटा कीबोर्डवाला काढतो. ढोलक, बोंगो आणि काँगो ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या रबरी चौकटींतून निघतात. मधल्या संगीताचा तुकडा सुरू होतो तेव्हा आपण कीबोर्डवाल्याचा डावा हात पाहावा. तो हात एका तुकड्याचे शेवटचे सूर धरून असतो आणि उजवा हात तेवढ्यात पुढच्या वाद्याचे बटण दाबून परत पट्ट्यांवर आलेला असतो. ही कसरत कुआँतल्या मोटारसायकलपेक्षा कमी अवघड नाही, फक्त तिच्यासाठी कुणी श्वास रोखून धरत नाही.

गायकाची अडचण निराळी. मोहम्मद रफी यांची काही गाणी तारसप्तकात इतकी वर जातात की थंडीने धरलेल्या गळ्याला ती झेपत नाहीत, तेव्हा संपूर्ण वाद्यवृंद पट्टी एक-दोन स्वरांनी उतरवतो. मुकेश यांच्या गाण्यांना सहसा तशी तडजोड लागत नाही, आणि मागणीच्या चिठ्ठ्यांमध्ये ती वारंवार येण्याचे हेही एक कारण असावे. मुकेश १९७६ साली गेले आणि रफी १९८० साली. समोर सतरंजीवर बसलेल्या निम्म्या श्रोत्यांचा जन्म त्यानंतरचा आहे, तरीही अंतऱ्याचे शब्द त्यांना गायकाच्या आधी आठवतात. वडीलधाऱ्यांकडे ही गाणी पडद्यावरून कमी आणि रेडिओवरून जास्त आली. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, १९५७ साली विविध भारती आली, आणि टॉकीज नसलेल्या गावांतही गाणी पाठ झाली.

नातवंडांना पाळण्याच्या रांगेत उभे करून सतरंजीवर येऊन बसलेल्या एका आजोबांना आम्ही विचारले की आपण स्वतः पाळण्यात का बसत नाही. ते म्हणाले, “पारन्यात बसाले भेव लागते जी, गाना आयकाले कायचा भेव?”

रात्र चढते तशी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि दुपारी मैदानाबाहेरही न पोचणारे गाणे तलावापलीकडच्या गावात स्पष्ट ऐकू येते. अर्थात, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातल्या ठरावीक दिवशी, फार तर पंधरा दिवस, राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे चांगला निवेदक घड्याळावर डोळा ठेवून द्वंद्वगीते शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवतो.

अलीकडे वादकांच्या जागी कराओकेचा ट्रॅक लावून गाणारे स्वस्तात मिळतात, आणि काही गावी वर्गणीचा पैसा थिल्लर नाचांच्या ‘डान्स हंगामा’कडे वळतो. ट्रॅकवर सूर चुकत नाहीत हे खरे. परंतु श्रोत्यांनी टाळी धरली म्हणून ट्रॅक एक आवर्तन जास्त वाजत नाही, आणि ‘वन्समोअर’ आला तर तो निमूटपणे पहिल्यापासून सुरू होतो. माणसे वाजवत असली की दुसऱ्या खेपेला ढोलकीचा ठेका थोडा बदलतो, गायक एखादी जागा लांबवतो, आणि त्या फरकासाठीच लोक थंडीत बसून राहतात.

दहाला पाच मिनिटे असताना ध्वनिक्षेपक बंद होतात. वादक तारा गुंडाळून टेम्पोत सामान चढवतात, कारण उद्याची मंडई दुसऱ्या तालुक्यात आहे. मंडळाचे दोन कार्यकर्ते मात्र टेम्पोच्या फळीला धरून उभे आहेत: पुढच्या वर्षीची तारीख आजच पक्की करायची आहे, आणि ऑक्टोपॅडवाला हाच हवा अशी त्यांची अट आहे.