माळ्यावरून उतरलेल्या खोक्यांचे पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरची खोकी खाली उतरतात आणि त्यांतून बंद पडलेले मोबाइल, तुटके चार्जर, गेलेल्या ट्यूब, रंगाचे अर्धवट डबे, मुदत संपलेली औषधे असे बरेच काही निघते. त्यातले ज्याचे चार पैसे येतील ते भंगारवाल्याकडे जाते आणि उरलेले घंटागाडीत पडते. या दोन्ही वाटांनी गेलेल्या वस्तूंना पुढे कोणाचे तरी हात लागतात, आणि त्या हातांवर बहुधा हातमोजे नसतात. म्हणून अशा वस्तू घरातून बाहेर कशा पाठवाव्यात, याविषयी आज बोलणार आहे.

घंटागाडीतला कचरा पुढे माणसेच निवडतात. मधुमेहाच्या रुग्णाने वापरलेली इन्सुलिनची सुई प्लास्टिकच्या पिशवीतून सहज आरपार जाते आणि ती टोचली तर कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोका असतो. अशा सुया फिरकीच्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात, बाटली भरत आली की झाकणावर चिकटपट्टी लावून तीवर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे आणि ती गाडीवरच्या कामगाराच्या हातात सांगून द्यावी. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याचे आवाहन केले होते, त्यामागचा विचारही हाच होता. आत काय आहे हे न उघडता कळले, तर निवडणाऱ्याचा निम्मा धोका तिथेच टळतो.

लिथियमच्या बॅटरीचे प्रकरण वेगळे आहे. मोबाइल, पॉवर बँक, लहान मुलांची काही खेळणी यांत ती असते. तिच्या आतले धन आणि ऋण थर एका अतिशय पातळ प्लास्टिकच्या पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. कचरा दाबणाऱ्या गाडीत बॅटरी चिरडली गेली की तो पडदा फाटतो, दोन्ही थर एकमेकांना भिडतात, उष्णता वाढू लागते आणि आतला ज्वलनशील द्रव पेट घेतो. फुगलेली बॅटरी घरातही धोक्याचीच असते. ती पुन्हा चार्ज करू नये, टोचून आतला वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, ती फरशीवर किंवा कोरड्या वाळूच्या डब्यात, कापड-कागदापासून दूर ठेवावी आणि लवकरात लवकर सेवा केंद्रात द्यावी.

आता भंगाराची वाट. मुंबईत साकीनाका, दिल्लीत सीलमपूर, उत्तर प्रदेशात रामगंगेकाठचे मुरादाबाद ही जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू फोडून त्यांतले धातू काढण्याच्या धंद्याची ओळखीची ठिकाणे आहेत. वायरीतले तांबे सुटे करण्यासाठी वायर जाळली जाते आणि तिच्या पीव्हीसी आवरणातल्या क्लोरीनमुळे धुरात डायॉक्सिनसारखी विषारी रसायने तयार होतात. सर्किट बोर्डावरचे किंचितसे सोने काढण्यासाठी बोर्ड तीव्र आम्लात बुडवले जातात आणि ते आम्ल नंतर नाल्यात जाते. मी भंगारवाल्याला दोष देत नाही. लोखंड, कागद, बाटल्या त्यानेच आजवर वाया जाऊ दिलेल्या नाहीत. पण जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, आणि त्या टीव्हीचे आपल्याला मिळालेले शंभर-दोनशे रुपये प्रत्यक्षात कोणाच्या फुप्फुसांतून वसूल होतात, हा प्रश्न विचारायला हवा.

याला कायदेशीर पर्याय आहे. ई-कचऱ्याचे, म्हणजे टाकून दिलेल्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे, पहिले नियम 2011 मध्ये झाले. सध्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे आणि हे काम नोंदणीकृत प्रकल्पांतच व्हायला हवे. तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा महापालिकेच्या संकलन मोहिमेत वस्तू द्यावी, आणि एखादी संस्था घरी येऊन नेत असेल तर ती माल कोणत्या नोंदणीकृत प्रकल्पाला देते हे विचारून पावती घ्यावी. गोंधळून जाणारी संस्था टाळलेली बरी. मोबाइल किंवा संगणक देण्यापूर्वी सिमकार्ड व मेमरी कार्ड काढून, खात्यातून बाहेर पडून त्यातली सर्व माहिती पुसावी.

पाऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. काचेच्या जुन्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, सीएफएल दिव्यात मात्र जेमतेम 3 ते 5 मिलिग्रॅम. पारा साध्या तापमानालाही हळूहळू वाफ होत राहतो, ती वाफ दिसत नाही आणि तिला वासही नसतो. म्हणून थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर न्यावे, पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा आणखी विखुरतो. हातमोजे घालून, जाड पुठ्ठ्याने पाऱ्याच्या गोळ्या एकत्र कराव्यात, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत आणि सगळे घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करावे. फुटलेल्या सीएफएलसाठीही हीच रीत.

मुदत संपलेली औषधे, विशेषतः प्रतिजैविके, मोरीत ओतू नयेत; सांडपाण्यातल्या जिवाणूंना त्यांची सवय होते आणि मग ती औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. कीटकनाशकाची बाटली धुऊन तिच्यात तेल भरणे तर केव्हाही नको. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर उरली म्हणून एकत्र ओतली, तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

यांतल्या सुया, सेल, दिवे, थर्मामीटर, औषधे अशा वस्तूंना 2016 च्या घनकचरा नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते. तो ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवायचा असतो, आणि तो स्वीकारण्यासाठी स्थानिक संस्थेने दर 20 चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारावे, असेही त्या नियमांत सांगितले होते. आपल्या भागातले केंद्र कोठे आहे, हे प्रभाग कार्यालयात लेखी विचारावे, आणि गृहनिर्माण संस्थेच्या वतीने अर्ज गेला तर अधिक चांगले. उत्तर मिळेपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी झाकणाचा एक डबा ठेवून त्यात सेल, दिवे आणि औषधे वेगवेगळ्या पिशव्यांत साठवता येतील. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र त्या डब्याजवळही ठेवू नये. तिच्यात शिसे आणि गंधकाम्ल असते, आणि नवी बॅटरी घेताना दुकानदार ती परत घेतो.