अभ्यास थांबवायची भीती

मित्रांनो, मला दिलेला विषय आहे ‘अभ्यासाचा ताण’. अभ्यास होत नाही म्हणून येणाऱ्या ताणावर तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मी आज बोलणार आहे ते ज्यांचा अभ्यास थांबतच नाही त्यांच्याबद्दल. या मुलांची कुणी काळजी करत नाही. घरचे कौतुक करतात, शिक्षक वर्गात उदाहरण देतात, मित्र नोट्स मागतात. मुलगा दिवसभर गेम खेळत बसला तर घर डोक्यावर घेतलं जातं. तोच तेवढाच वेळ पुस्तकात डोकं खुपसून बसला, तर त्याला त्रास नको म्हणून दार अलगद लोटून घेतात. त्याची झोप उडाली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, याकडे लक्ष जात नाही. बऱ्याचदा त्याचंही जात नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला एक विद्यार्थिनी येत असे. ओळख पटेल असं काही सांगत नाही. बसल्या बसल्या तिनं मोबाइल टेबलावर ठेवला, त्यावर स्टॉपवॉच होतं. म्हणाली, अभ्यासाचं आहे, आत्ता थांबवलंय. पाणी प्यायला उठली की थांबवायचं, बाथरूमला गेली की थांबवायचं, मैत्रिणीनं हाक मारली तरी थांबवायचं. रात्री जो आकडा येईल तो वहीत. ती वही मी पाहिली. तारीख, तास, आणि कालच्यापेक्षा कमी भरले असतील तर लाल शाईत तूट. पानंच्या पानं. कुठल्या दिवशी कुठला विषय वाचला, हे मात्र त्या वहीत कुठंही नव्हतं.

तास मोजण्यात वावगं काही नाही. पण त्या वहीत मला अभ्यासाचा हिशोब दिसला नाही, भीतीचा दिसला. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: मान मोडून केलेला सगळाच अभ्यास शिकण्यासाठी नसतो. त्यातला बराचसा मनातली धाकधूक गप्प करण्यासाठी असतो.

हे कसं होतं बघा. तुम्ही रिकामे बसलात की आत काहीतरी टोचायला लागतं, आपण मागे पडतोय, बाकीचे पुढे गेले. पुस्तक उघडलं की टोचणी कमी होते. वाचलेलं डोक्यात शिरलं की नाही, हा प्रश्नच नाही. नुसतं उघडलं तरी बरं वाटतं. पुस्तक मिटलं की पुन्हा टोचणी. खाजवल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते, तसं हे आहे. मानसशास्त्रात हे जुनं, पक्कं ठाऊक असलेलं तत्त्व आहे: ज्या कृतीनं भीती तात्पुरती उतरते ती कृती घट्ट होत जाते. आणि ती सोडवत का नाही? कारण ती केली नसती तर काय झालं असतं, हे कधी तपासलंच जात नाही. पास झालात की श्रेय रोजच्या चौदा तासांना. नऊ तासांतही झाला असतात का, हे बघायची हिंमत कुणी करत नाही.

तुम्ही म्हणाल, भीतीनं का होईना, अभ्यास तर होतो ना? होतो. पण कोणत्या पद्धतीनं करायचा हेही भीतीच ठरवते, आणि ती नेहमी आत्ता धीर देईल अशी पद्धत निवडते. तेच प्रकरण पुन्हा वाचायचं. हायलायटरनं पान रंगवायचं. नोट्स स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवायच्या.

2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उतारा एकच. एका गटानं तो चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एका फेरीत वाचला आणि मग तीनदा, उतारा न बघता, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61. याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपल्याला पुढं किती आठवेल असं विचारलं तेव्हा जास्त खात्री होती ती वाचणाऱ्या गटाला. कोऱ्या कागदासमोर बसलं की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं. म्हणून तो सहाव्यांदा वाचतो. दिवस संपतो तेव्हा तो थकलेला असतो, आणि थकलो म्हणजे अभ्यास झाला असं धरून चालतो.

झोपेबद्दल लांबण लावत नाही. 2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलेल्यांची एकाग्रता एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्यांना विचारलं तर ते म्हणत होते, थोडीशी झोप येते, एवढंच. ‘मला सहा तासांची सवय झालीय’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता बर्नआउट, म्हणजे सततच्या कामानं आतून झिजून जाणं. 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं या स्थितीवर लिहिलं. न्यू यॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो काम करत असे, आणि तिथं झिजून जाणारे लोक अंगचोर नव्हते, सर्वांत झोकून देणारे होते. पुढं क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटच्या तीन बाजू मांडल्या: शिणवटा, कामाविषयी तुटकपणा आणि ‘आपल्याच्यानं काही होत नाही’ ही भावना. जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणत नाही आणि ही संज्ञा फक्त नोकरी-व्यवसायापुरती वापरते. पण अभ्यासकांनी 2002 मध्येच विद्यार्थ्यांसाठी वेगळी प्रश्नावली बेतली होती, आणि तीन देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये याच तीन बाजू तपासल्या होत्या. पगार मिळत नाही एवढाच काय तो फरक, असं मी म्हणेन.

यातल्या शिणवट्याला सगळे ओळखतात. मी विचारते ते मधल्या लक्षणाबद्दल. जो विषय आवडतो म्हणून घेतला, त्याच्या पुस्तकाचं नुसतं कव्हर बघून चिडचिड होते का? तासाला बसता, लिहून घेता, सबमिशन देता, पण सगळ्या पाट्या टाकणं चाललंय का? हुशार मुलं याला आळस समजतात आणि स्वतःला आणखी दोन तास वाढवून शिक्षा करतात. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं आणि घड्यावरच रागवायचं, यातलाच हा प्रकार.

मग करायचं काय? ‘ब्रेक घे’ हा सल्ला तुम्हांला हजारदा मिळाला असेल. तो लागू पडत नाही, कारण अपराधी वाटत घेतलेला ब्रेक हा ब्रेक नसतोच. तुम्ही गच्चीवर असता आणि मन टेबलापाशी. त्यामुळं मी उलट टोकाकडून सुरुवात करायला सांगते. तुमच्या वेळापत्रकात सुरू करायची वेळ असते, थांबायची नसते. थांबायची वेळ लिहा. ती झाली की प्रकरण अर्धं असलं तरी थांबा आणि एका ओळीत नोंद करा: उद्या कुठून सुरू करणार, काय करणार. ही ओळ टाळू नका. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं. पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी, काम पुरं न होताच घोळणं बरंच कमी होतं, असं 2011 च्या मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं.

थांबलात की अपराधी वाटेल. छातीत धडधडेल, हात पुस्तकाकडं जाईल. वाटू द्या. सगळे चुकतात ते इथं: टोचणी गेली की थांबेन, असं म्हणतात. आधी थांबावं लागतं. टोचणी चढते, थोडा वेळ राहते आणि पुस्तक न उघडताही उतरते. सुरुवातीचे काही दिवस जास्तच त्रास होतो, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणाल, मॅडमनी सांगितलेलं उलटंच झालं. रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी थांबण्यापासून सुरुवात करा. चौदावरून एकदम सातवर यायला जाऊ नका.

काळजीलाही वेळ ठरवून देता येते. बोर्कोव्हेक हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये हे मांडलं. रोज एकच जागा, एकच वेळ, अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की ‘तुझं संध्याकाळी बघतो’ म्हणून चिठ्ठीवर टिपायची आणि हातातलं काम पुढं न्यायचं. ऐकायला पोरकट वाटतं खरं. संध्याकाळी चिठ्ठ्या काढून बसलात की त्यातल्या निम्म्या कशाला लिहिल्या होत्या, असं वाटायला लागतं.

आणि कृपा करून रीडिंग रूममध्ये एकमेकांना ‘तुझे किती तास झाले?’ विचारणं बंद करा. उत्तरं नाहीतरी फुगवलेली असतात.

हे सगळं आपलं आपण करण्यापुरतं झालं. आडवं पडूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, अचानक श्वास कोंडून आपण आता मरणार असं वाटण्याचे झटके येत असतील, किंवा ‘आपण नसलो तर बरं’ असा विचार डोकावत असेल, तर स्टॉपवॉच नि चिठ्ठ्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. मरणाचा विचार येत असेल तर आजच जा. नुसता थकवा असेल तरी तपासून घ्या. रक्तक्षय किंवा थायरॉइडमुळंही माणूस असा गळून जातो. चिंताविकारावर उपचार आहेत, बोलण्याचे आहेत, गोळ्यांचे आहेत, आणि ते लागू पडतात.

(यानंतर श्रोत्यांनी दोन प्रश्न विचारले.)

परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तरी थांबायची वेळ पाळायची का? हो, थोडी पुढं सरकवा, पण काढू नका. नवीन वाचन कमी करा. सकाळी आधी कोरा कागद घ्या, कालचं आठवेल तेवढं लिहा, अडेल तेवढंच पुस्तकात बघा. पहिल्या दिवशी भयंकर निराशा होईल, पाच ओळीसुद्धा येणार नाहीत. त्या पाच ओळींवरून पुढं काय वाचायचं ते कळेल. आदल्या रात्री झोपा.

रूममेट असा असेल तर काय करायचं? ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणू नका, ते त्याला जमत असतं तर त्यानं केलंच असतं. जेवायला जाताना त्याला बरोबर न्या, आणि जेवताना परीक्षेचा विषय काढू नका. तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, थट्टेत बोलला तरी, त्याला सरळ शब्दांत विचारा. असं विचारल्यानं त्या विचाराला खतपाणी मिळतं हा गैरसमज आहे. आणि मग त्याला एकटं सोडू नका. तो रागावेल, कुणाला सांगू नकोस म्हणेल. तरीही त्याच रात्री वॉर्डनला किंवा त्याच्या घरी कळवा.