किकीबाईंचे हात

[काळा पडदा. कढईत काहीतरी तडतडतंय.]

हा आवाज ओळखायला जपानी यायला नको. भजी तळतायत. मक्याची. कणसाचे दाणे अंगठ्याने मोकळे केलेत, पिठात कालवलेत आणि कढत तेलात सोडलेत.

[दृश्य: 'स्टिल वॉकिंग'. स्वयंपाकघर.]

दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा, साल 2008. थोरल्या मुलाच्या स्मृतिदिनाला जमलेलं घर. बुडणाऱ्या एका पोराला वाचवताना हा मुलगा स्वतः गेला. ते वाचलेलं पोर आता मोठं झालंय, चांगलंच सुटलंय, आणि दरवर्षी या दिवशी इथे येऊन घाम पुसत अवघडून बसतं. रात्री धाकटा मुलगा आईला म्हणतो, त्याला बोलावणं आता पुरे कर. आई क्रोशाने विणत बसलीये. विणता विणताच ती सांगते की म्हणून तर बोलावते. निदान वर्षातून एक दिवस त्याच्याही जिवाला त्रास होऊ दे.

आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही. दुपारी प्रेमाने भजी तळणारे हेच हात आता शांतपणे टाके घालतायत. प्रेमळ आईच्या पोटात इतका थंड सूड असू शकतो, हे इतक्या घरगुती सुरात सांगणारी दुसरी नटी मला तरी आठवत नाही.

ही आई म्हणजे किरिन किकी. जपानी रिवाजाने आडनाव आधी, म्हणजे किकी किरिन. आपण त्यांना किकीबाई म्हणू.

जगाने त्यांना ओळखलं ते साठी उलटल्यावर, आई आणि आजीच्या भूमिकांमधून. जपानला मात्र ही आजी फार आधीपासून ठाऊक होती. बाई आजी झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं 31.

[दृश्य: 1974 सालचा टीव्ही. छोटा, फुगीर पडदा.]

मालिकेचं नाव 'तेराउची कान्तारो इक्का', म्हणजे कान्तारो तेराउचीचं कुटुंब. टीबीएस वाहिनी, लेखिका कुनिको मुकोदा. टोकियोच्या जुन्या वस्तीतलं पाथरवटाचं घर. बाप तापट आणि आडदांड, बापलेकांची मारामारी तर ठरलेलीच. या बापाची म्हातारी आई किन, म्हणजे आपल्या किकीबाई.

आता जरा वयं बघा. मुलाचं काम करणारे आसेई कोबायाशी हे खरं तर संगीतकार, बाईंपेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. सुनेच्या भूमिकेतल्या हारुको कातो तर 20 वर्षांनी मोठ्या. म्हणजे सासूपेक्षा सून वीस वर्षांनी थोरली! बाईंनी केस ब्लीच करून पांढरे केले, कंबरेत वाकल्या. चेहऱ्याचं निभावलं, पण हात? हातांचं वय लपत नाही. तरुण हात चुगली करणार. मग बाईंनी बोटांची टोकं कापलेले हातमोजे चढवले. थंडीने गारठलेली म्हातारी घालेल तसे. लोकांना वाटलं, काय बारकावा आहे! होता तो पडदा.

ही आजी काही देवघरातली नव्हती. आगाऊ, खादाड, खोडकर. तिच्या खोलीत त्या काळचा लाडका गायक केन्जी सावादाचं पोस्टर होतं. त्याला सगळे 'ज्यूली' म्हणत. आजी पोस्टरकडे बघून अंग घुसळत किंचाळायची, "ज्यूऽऽऽली!" जपानभर लोक पोट धरून हसायचे. विनोद होताच, पण म्हातारीलाही कुणीतरी आवडू शकतं ही गोष्ट रात्री, सगळं घर टीव्हीसमोर असताना, बिनधास्त सांगितली जात होती.

[संगीत: बिवाची एकच तार.]

जन्म 15 जानेवारी 1943, टोकियोतल्या कांदा भागात. पाळण्यातलं नाव केइको. वडील बिवा हे तंतुवाद्य वाजवणारे. मुलीला खरं तर औषधशास्त्राच्या कॉलेजात जायचं होतं, पण प्रवेश परीक्षेच्या तोंडावर स्कीइंग करताना पाय मोडला आणि परीक्षा हुकली. त्याच सुमारास नाटक मंडळ्या शिकाऊ नट घेत होत्या. 1961 साली ती 'बुंगाकुझा' या नावाजलेल्या नाट्यसंस्थेत दाखल झाली. रंगभूमीवरचं नाव घेतलं चिहो युकी.

हे नाव पुढे विकलं गेलं. अक्षरशः.

1977 साल. एका टीव्ही वाहिनीने आपलं नाव बदललं, म्हणून खास कार्यक्रम आणि त्यात कलाकारांच्या वस्तूंचा लिलाव. बाईंकडे विकण्याजोगं काही नव्हतं, म्हणून त्यांनी आपलं रंगमंचावरचं नावच लिलावात काढलं. बोली लागली 20,200 येनला. तेवढ्यात सोळा वर्षांची ओळख गेली, आणि नवं नाव आलं: किकी किरिन. चित्रलिपीत लिहिलं तर त्यात झाडंच झाडं, शेवटी वनराई, आणि मध्ये एक अक्षर 'दुर्मीळ' या अर्थाचं. नाव कमवायला लोकांचा जन्म जातो. या बाईने कमवलेलं विकलं आणि पुन्हा शून्यातून दुसरं कमवलं.

[दृश्य: 1980. फोटोच्या दुकानाचं काउंटर. जाहिरात.]

आता फुजी या फोटो-फिल्मच्या कंपनीची जाहिरात. फोटो धुऊन द्यायचं दुकान, काउंटरमागे कायोको किशिमोतो, समोर नटूनथटून आलेल्या गिऱ्हाईक किकीबाई. मूळ ओळीचा मतलब असा होता की जे सुंदर आहेत ते अधिक सुंदर दिसतील, आणि जे नाहीत तेही सुंदर दिसतील. बाई अडून बसल्या. जे नाहीत ते कसे सुंदर दिसतील? खोटं आहे हे! शेवटी ओळ बदलली. जे सुंदर आहेत ते अधिक सुंदर, आणि जे नाहीत ते... 'सोरेनारी नि'. त्या मानाने!

हे 'त्या मानाने' जपानमध्ये घरोघरी बोललं जाऊ लागलं. जाहिरातीत खरं बोललं तर माल जास्त खपतो, हा धडा कंपनीला एका नटीने दिला.

घरचा संसारही त्या मानानेच. पहिलं लग्न नट शिन किशिदाशी, ते टिकलं नाही. 1973 साली दुसरं, रॉक गायक युया उचिदा यांच्याशी. दीडेक वर्षात दोघं वेगळी राहू लागली. 1981 मध्ये नवऱ्याने परस्पर घटस्फोटाचा कागद दाखल केला, तर बाई कोर्टात गेल्या आणि तो रद्द करून आणला. एकत्र राहायचं नाही आणि सोडायचंही नाही! चाळीसहून जास्त वर्षं हा संसार दोन पत्त्यांवर चालला. का, यावर जपानी मासिकांनी रीमच्या रीम कागद खर्च केले. आपण पुढे जाऊ.

[दृश्य: पुरस्कार सोहळा, 2013.]

2003 साली डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. 2005 मध्ये स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया. इथे खरं तर कारकीर्द आवरती व्हायची, आणि बाईंच्या चित्रपटांचा सगळ्यात मोठा काळ सुरू झाला तो इथून. ना एजन्सी, ना मॅनेजर. काम हवंय? घरच्या फोनवर निरोप ठेवा किंवा फॅक्स करा, बाई स्वतः बघतील. 'टोकियो टॉवर' या चित्रपटातल्या आईसाठी जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. मग 'वागा हाहा नो की'मधल्या, स्मृती हरवत चाललेल्या आईसाठी 2013 मध्ये पुन्हा तोच. या पुरस्काराची रीत अशी की विजेतीने पुढच्या वर्षी सूत्रसंचालन करायचं. बाईंनी मंचावरूनच सांगून टाकलं की कर्करोग सगळ्या अंगात पसरलाय, पुढच्या वर्षाचा शब्द देता येत नाही. सभागृह सुन्न. पुढच्या वर्षी बाई सूत्रसंचालनाला हजर.

[दृश्य: 'आन'. पहाट. मोठ्या पातेल्यातून वाफ.]

आणि आता पुन्हा हात.

2015, दिग्दर्शिका नाओमी कावासे. 'आन' म्हणजे अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण. तोकुए नावाची म्हातारी एका छोट्या दुकानात काम मागायला येते. अर्धा पगारही चालेल म्हणते. दुकान चालवणारा माणूस तिचं वय बघून नको म्हणतो. मग ती डब्यातून स्वतः केलेलं पुरण आणते. तो चाखतो आणि गप्प होतो.

बघा ती कशी शिजवते. घाई नाही. दाणे भिजत घालायचे, धुवायचे, पाणी बदलायचं, मंद आचेवर ठेवायचं. वाफेत तोंड घालून ती दाण्यांचं ऐकते. पुरण घोटणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेडेपण वाटणार नाही. मग गावात कुजबुज सुरू होते: हिला कुष्ठरोग झाला होता. गिऱ्हाईक आटतं. जपानमध्ये कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा 1996 पर्यंत होता. रोग बरा होऊनही माणसं कुंपणाआडच म्हातारी झाली. तोकुए त्यांतलीच एक. शाळकरी मुलीच्या भूमिकेत बाईंची सख्खी नात आहे, क्यारा.

तरुण हात मोज्यात लपवणारी नटी इथे आखडलेली बोटं कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात धरते.

[दृश्य: समुद्रकिनारा. 'शॉपलिफ्टर्स'.]

2018. पुन्हा कोरे-एदा. 'शॉपलिफ्टर्स'ला कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च बक्षीस, पाम दोर, मिळालं. आजी हात्सुएच्या कामासाठी बाईंनी कवळी काढून ठेवली, केस वाढू दिले. हिरड्यांनी फळ चोखणारी ही म्हातारी बघताना क्षणभर किळस वाटते. बाईंना नेमकं तेच हवं होतं.

15 सप्टेंबर 2018 रोजी टोकियोतल्या घरी त्या गेल्या. वय 75. सहा महिन्यांनी, मार्च 2019 मध्ये, दुसऱ्या पत्त्यावरचा नवराही गेला.

हे किनाऱ्यावरचं दृश्य शूटिंगच्या सुरुवातीलाच टिपलेलं. आजी वाळूत बसलीये. स्वतःच्या पायांवरचे काळे डाग बघते आणि मुठीने त्यांवर वाळू टाकते. पुढे लाटांपाशी बाकीची मंडळी हातात हात धरून उड्या मारतायत. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. आजी बघत राहते. तिचे ओठ हलतात. आवाज नाही.

संहितेत हे वाक्य नव्हतं. शूट केलेलं बघताना कोरे-एदांच्या लक्षात आलं, बाई म्हणत होत्या: सगळ्यांचे आभार.

[लाटांचा आवाज. हातातून निसटणारी वाळू.]