आधी कर्ण मोजा, मग दारं लावा

श्रोतेहो, नमस्कार.

मी घरी पहिलं कपाट केलं, सहा फूट उंच, तीन फूट रुंद. दारं लावली तर मधे एक दार वर, दुसरं खाली. चांगला पाव इंचाचा फरक! दोन रविवार मी बिजागऱ्या काढत नि घालत बसलो. शेवटी आमच्या पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी दाराला हातही लावला नाही. टेप काढून कपाट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं, एकदा असं, एकदा तसं. म्हणाले, "मर्दा, बिजागरी काय करंल? पेटीच गुण्यात न्हाई." गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार; गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत.

आज बोलायचंय ते या दोन तिरक्या मापांबद्दल, म्हणजे शाळेतल्या भाषेत कर्णांबद्दल. समोरासमोरच्या बाजू समान असतील आणि दोन्ही कर्णही सारखे आले, तर चारही कोपरे काटकोनात. तीन बाय सहाच्या कपाटाचा कर्ण साधारण ६ फूट साडेआठ इंच येतो. पण आकडा पाठ करू नका, दोन्ही मापं एकमेकांशी जुळवा. माझ्या कपाटात १२ मिलिमीटरचा फरक होता.

कर्ण मोजायचे कधी? गोंद ओला असताना. वाळल्यावर मोजलंत तर नुसतं वाईट वाटेल, दुसरं काही नाही. जो कर्ण लांब असेल त्याच्या दोन टोकांना शिकंजा, म्हणजे क्लॅम्प, लावून हळू आवळा. मापं जुळली की लगेच मागची ६ मिलिमीटरची प्लाय स्क्रूनं बसवा. ही पाठच कपाटाला वाकडं होऊ देत नाही. बरेच जण ती पैसे वाचवायला गाळतात किंवा चार खिळ्यांवर भागवतात, आणि मग कपाट डोलतं.

गुण्याही तपासून घ्या. प्लायच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारा, मग तो उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारा. रेघा फाकल्या तर गुण्याच खोटा.

कापताना दोन्ही उभ्या बाजू एकाच मापात, शक्य तर एकावर एक ठेवून कापा. आडव्या फळ्या बाजूंच्या आत बसणार असतील तर दोन्हीकडची जाडी वजा करायला विसरू नका. बाहेरची रुंदी ९०० मिलिमीटर आणि प्लाय १८ची असेल, तर फळी ८६४ची. मात्र १८ म्हणून विकलेली प्लाय पुष्कळदा थोडी कमीच भरते, म्हणून खरी जाडी मोजूनच वजाबाकी करा. प्लायच्या कडेत स्क्रू घालण्याआधी बारीक भोक पाडा, नाहीतर थर फाटतात.

फळीचं एक गणित सांगतो. वजन तेवढंच ठेवून फळी दुप्पट लांब केली, तर झोल, म्हणजे मधला बाक, साधारण आठपट वाढतो. पुस्तकांसाठी तीन फुटांची फळी करायची असेल तर मधे आधार द्या किंवा पुढच्या कडेला दीड इंचाची पट्टी उभी मारा.

आता आपला पाऊस. पंचगंगा पात्राबाहेर पडते त्या दिवसांत भिंतीही घाम गाळतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाला आयएस ७१० शिक्क्याची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय घ्या, भिंतीपासून इंचभर अंतर सोडा, आणि कपाट चार इंच उंच पायावर ठेवा, म्हणजे फरशी पुसतानाचं पाणी कडांत शिरणार नाही. कापलेल्या कडा रंगानं किंवा पट्टीनं बंद करा, ओल तिथूनच आत जाते.

आणि आपल्या फरशा मोरीकडे उतरत्या असतात! त्यामुळे गुण्यातलं कपाटसुद्धा जागेवर ठेवलं की पिळतं. आधी पाण्याची पातळी, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, लावून पायाखाली पाचरी सारा. दारं सगळ्यात शेवटी, कपाट कायमच्या जागी उभं राहिल्यावर.

माझं ते पहिलं कपाट अजून जिन्याखाली आहे. दारं मी काढून टाकली. आता त्यात रंधा, पटाश्या आणि मिस्त्रींनी दिलेला गुण्या असतो.